दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचं वजन अडलं, तर आधी काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा. माहेर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, सासर कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यात. पहिलं बाळंतपण माहेरी, मुलगी झाली ती ३१ आठवड्यांनाच. जन्माचं वजन १,४२० ग्रॅम. बेळगावात ३४ दिवस काचेच्या पेटीत. घरी पाठवताना १,७८० ग्रॅम, ५६व्या दिवशी तपासणीला नेली तेव्हा २,३७०, आणि आज १० आठवडे पूर्ण झाले तर अंगणवाडीत वजन २,५६०. शेजारच्या घरी त्याच आठवड्यात झालेलं बाळ ५ किलोंचं आहे. कार्डावर मुलीचा ठिपका सगळ्यात खालच्या पट्ट्याच्याही खाली पडला. सासूबाई रोज फोन करून विचारतात, डब्याचं दूध कधी सुरू करणार. बारसं दोन आठवड्यांपूर्वी झालं. मुलगी रात्री सलग ५ तास झोपते. आज्जी सकाळी गुटी देतात, अंघोळीनंतर धुरी देतात. पाऊस लागून राहिलाय. आणि आईने शेवटी विचारलंय, "माझं दूध कमी पडतंय का?"

ताई, आधी वय नीट मोजू या. तुमची निम्मी भीती तिथेच कमी होईल.

गरोदरपण ४० आठवड्यांचं धरतात. मुलगी ३१व्या आठवड्यात आली, म्हणजे ९ आठवडे लवकर. आजच्या १० आठवड्यांतून हे ९ वजा केले की राहतो १ आठवडा. याला आम्ही सुधारित वय म्हणतो. ती पोटात राहिली असती तर गेल्या आठवड्यात जन्मली असती, एवढंच तिचं खरं वय. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात १ आठवड्याच्या मुलीचं मधलं वजन साधारण ३.३ किलो असतं आणि काळजीची खालची रेषा साधारण २.५ किलोवर असते. तुमची मुलगी त्या रेषेच्या जरा वर आहे. अंगणवाडीच्या कार्डावर ताईंनी जन्मतारखेप्रमाणे १० आठवड्यांच्या रकान्यात ठिपका दिला. म्हणून ती तीव्र कुपोषित दिसते. ती तशी नाही. बारीक आहे, आणि तिला भरून काढायचं आहे. वजन, उंची, बसणं, रांगणं, हे सगळं दोन वर्षांची होईपर्यंत सुधारित वयाप्रमाणेच बघायचं. शेजारचं बाळ दिवस भरून झालंय. त्याच्याशी तुलना कराल तर रोज रडू येईल आणि त्यातून काहीच कळणार नाही.

हे ३१ आठवडे कुठून आले, तेही एकदा दवाखान्याच्या कागदावर बघा. पाळीची तारीख चुकीची आठवलेली असते. सुरुवातीच्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी असेल तर तिच्यावरून काढलेले आठवडे धरा. दोन आठवड्यांचा फरक पडला तरी सगळं गणित हलतं.

आता दुसरं गणित. माझं लक्ष खरं तर इथे जातं.

लवकर झालेल्या बाळाचं वजन पहिल्या आठवड्यात उतरतं. १० टक्के, कधी १५ टक्क्यांपर्यंतही. ते भरून जन्मवजनावर यायला साधारण दोन आठवडे लागतात, अगदी लहान बाळांना थोडे जास्त. त्यानंतर २ किलो होईपर्यंत किलोमागे रोज १५ ते २० ग्रॅम वाढ आम्हाला हवी असते, आणि २ किलोंच्या पुढे रोज २० ते ३० ग्रॅम. तुमची मुलगी ३४व्या दिवसापासून ५६व्या दिवसापर्यंत २२ दिवसांत ५९० ग्रॅम वाढली. रोजचे जवळपास २७ ग्रॅम. उत्तम. याच काळात ती फक्त तुमच्या दुधावर होती, हे विसरू नका. त्यानंतरच्या १४ दिवसांत ती १९० ग्रॅमच वाढली. रोजचे साडेतेरा ग्रॅम, आधीच्या निम्मे. म्हणजे "दूध मुळातच पातळ आहे" हे म्हणणं आकड्यांत बसत नाही. गेल्या दोन आठवड्यांत घरात काय बदललं, तिकडे बघायला हवं.

पण त्याआधी वजनकाट्याचं बोलते. ५६व्या दिवसाचं वजन दवाखान्याच्या डिजिटल काट्यावरचं आहे, बाळ उघडं ठेवून घेतलेलं. आजचं अंगणवाडीतलं आहे, आणि अंगावर कपडे होते की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही. टोपी, स्वेटर, दुपटं आणि ओला लंगोट मिळून १०० ते १५० ग्रॅम सहज होतात. टांगायच्या स्प्रिंगच्या काट्यावर एवढे छोटे फरक वाचताही येत नाहीत. कपड्यांसकट वजन झालं असेल तर खरी वाढ १९० पेक्षाही कमी असेल, आणि दोन काट्यांत फरक असेल तर वाढ ठीकही असू शकेल. तेव्हा कोणताही निर्णय घेण्याआधी, ५६व्या दिवशी जिथे वजन केलं त्याच काट्यावर, सकाळी, दूध पाजण्याआधी, पूर्ण उघडं करून पुन्हा वजन घ्या. पुढेही तोच काटा, तीच वेळ, आठवड्यातून एकदा. रोज वजन करू नका. एक शी झाली की ३० ग्रॅम इकडेतिकडे होतात, आणि आईचा सगळा दिवस त्या आकड्यावर ठरतो. असं मी फार बघितलंय.

आता घरात काय बदललं ते बघू.

बारशानंतर कांगारू पद्धत, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीवर धरून ठेवणं, बंद झाली असणार. तुम्ही तसं लिहिलेलं नाही, पण बहुतेक घरांत असंच होतं. बाळ पाळण्यात गेलं की ते आईच्या छातीवरून कायमचं उतरतं. पाहुणे येतात, बाळ हातोहात फिरतं, आई पुन्हा घरात वावरू लागते. २,५६० ग्रॅमच्या बाळाच्या अंगावर चरबी फारच थोडी असते. अंग गरम ठेवायला ते दुधातली शक्ती जाळतं, आणि जळलेली शक्ती वजनात येत नाही. जांबोटी, कणकुंबी, नागरगाळी या पट्ट्यात पाऊस लागला की महिना महिना ऊन नसतं, भिंती ओल धरतात, लंगोट वाळत नाहीत, खोलीत गारवा राहतो. तेच बाळ उन्हाळ्यात अथणीला असतं तर मी उलट सांगितलं असतं, इतकं गुंडाळू नका. तुमच्या घरी मात्र गारवा हे वजन अडण्याचं खरं कारण असू शकतं. पोटाला हात लावा आणि तळपायाला लावा. दोन्ही उबदार असतील तर ठीक. पोट उबदार आणि पाय गार असतील तर बाळ थंडीशी झगडतंय, लगेच छातीशी घ्या. पोटही गार लागलं तर तो आजार समजून दवाखाना गाठा.

कांगारू पद्धत पुन्हा सुरू करा. बाळाला फक्त टोपी, लंगोट आणि मोजे. तुमच्या उघड्या छातीवर ते उभं, बेडकासारखं पाय दुमडून, मान एका बाजूला वळवून, आणि वरून साडीने किंवा ओढणीने दोघींना घट्ट बांधून घ्यायचं. एका वेळी तासापेक्षा कमी नको, आणि दिवसाचे मिळून जितके जास्त तास जमतील तितके. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली लवकर झालेल्या आणि कमी वजनाच्या बाळांसाठी दिवसाचे ८ ते २४ तास सांगितले आहेत. एकट्या आईला ते जमत नाही. आज्जी करू शकतात, बाळाचे बाबा करू शकतात. चंदगडहून रविवारी ते येतात तेव्हा दुपारभर बाळ त्यांच्या छातीवर द्या आणि तुम्ही झोपा. सुरुवातीला पुरुष लाजतात, मग सोडत नाहीत. बाळच नको म्हणून हातपाय मारायला लागलं, बाहेर पडायला धडपडलं, की थांबायची वेळ झाली असं समजा. तारीख बघून थांबायचं नाही. बसून झोप लागत असेल तर शेजारी कुणीतरी जागं असू द्या, आणि बाळाचं नाक मोकळं आहे ना यावर लक्ष ठेवा.

अंघोळ आणि धुरी. एवढ्या लहान बाळाला रोज तेलाने रगडून, भरपूर पाण्याने पाऊण तास अंघोळ, मग ओवा-शेपाची धुरी, हे सगळं प्रेमाने होतं, हे मला माहीत आहे. तुमच्या आज्जींनी याच हातांनी घरातली सगळी मुलं वाढवली. पण ती दिवस भरलेली होती. या मुलीला सध्या आठवड्यातून एक-दोनदा अंघोळ पुरे, बंद खोलीत, पाच मिनिटांत, आणि लगेच पुसून छातीशी. इतर दिवशी कोमट पाण्याने अंग पुसा. तेल हलक्या हाताने लावायला माझी हरकत नाही, खोबरेल चांगलं. रगडायचं नाही, कानानाकात तेल घालायचं नाही. धुरी पूर्ण बंद. लवकर झालेल्या बाळाची फुप्फुसं कोवळी असतात. धुराने श्वास जड झाला की बाळ दूध सोडतं. आणि खोली गरम करायला शेगडी ठेवत असाल तर तीही बाहेर काढा. बंद खोलीत पेटत्या कोळशाचा वायू जीवघेणा असतो.

रात्रीच्या ५ तासांच्या झोपेला घरातले "शहाणी आहे पोरगी" म्हणत असतील. मला त्याचीच काळजी वाटते. अशा बाळांना भूक लागली तरी उठून रडायची ताकद नसते, ती झोपूनच राहतात. दिवस भरलेलं बाळ मागेल तेव्हा पाजावं. हिला मागायची वाट बघायची नाही. दिवसा दर दोन तासांनी आणि रात्री जास्तीत जास्त तीन तासांनी उठवायचं, सुधारित वय महिनाभराचं होऊन वजन नीट वाढायला लागेपर्यंत. कपडे सैल करा, लंगोट बदला, तळपाय चोळा, छातीवर घ्या. दिवसाला ८ वेळा पाजणं झालंच पाहिजे, १० झालं तर उत्तम.

आता दूध पोटात किती जातं हे बघू. लवकर झालेल्या बाळाला वाढीसाठी किलोमागे रोज साधारण ११० ते १३५ कॅलरी लागतात. आईच्या १०० मिलिलिटर दुधात साधारण ६७ कॅलरी असतात. किलोमागे १८० मिलिलिटर दूध गेलं की १२० कॅलरी होतात. तुमच्या मुलीला दिवसाला साधारण ४६० मिलिलिटर हवं. ८ वेळा पाजलं तर प्रत्येक वेळी ५५ ते ६०, १० वेळा पाजलं तर ४५च्या आसपास. दवाखान्यात हे मोजून दिलं जात होतं. घरी आल्यावर तुम्ही बोंडल्याने (चोच असलेल्या छोट्या वाटीने) आणि अंगावर असं दोन्ही करत होता. नंतर "आता चांगली ओढते" म्हणून बोंडलं सुटलं का? ते मला कळवा. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण ३४व्या आठवड्यानंतर बसायला लागतो, पण ताकद यायला वेळ लागतो. बाळ दहा मिनिटं ओढतं, दमतं, छातीशीच झोपतं. बघणाऱ्याला वाटतं पोट भरलं. खरं तर तोवर त्याला सुरुवातीचं पातळ दूधच मिळालेलं असतं. स्निग्धांश जास्त असतो तो शेवटच्या दाट दुधात, आणि वजन त्याने वाढतं.

म्हणून असं करा. एका बाजूचं पूर्ण रिकामं होईपर्यंत त्याच बाजूला पाजा, मग दुसरी द्या. पाजताना स्तन हळूहळू दाबत राहा, म्हणजे कमी कष्टात दूध तोंडात जातं. गिळण्याचा आवाज ऐका. नुसती हनुवटी हलणं म्हणजे पिणं नाही. सगळं मिळून अर्ध्या तासाच्या वर ओढायला लावू नका, त्यापुढे ती मिळवते त्यापेक्षा जास्त खर्च करते. मग हाताने उरलेलं दाट दूध काढा आणि बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने पाजा. सुरुवातीला दिवसातून ६ ते ८ वेळा २० ते ३० मिलिलिटर असं वरचं द्या, दोन आठवडे, आणि वजन बघा. बाळ अर्धवट बसतं धरून, बोंडल्याचं टोक ओठाच्या कोपऱ्यात ठेवून, घोट घोट. झोपवून तोंडात ओतायचं नाही. बोंडलं प्रत्येक वेळी साबणाने धुऊन दिवसातून एकदा उकळायचं. बाटली नको. तिच्यामुळे अंगावर ओढायची पद्धत बिघडते, आणि पावसाळ्यात निपल स्वच्छ राहत नाही. काढलेलं दूध झाकून बाहेर ४ तास, फ्रिजमध्ये २४ तास. गरम करताना वाटी कोमट पाण्यात ठेवा, गॅसवर नाही.

पुरतंय की नाही हे लंगोटावरून कळतं. चोवीस तासांत ६ ते ८ वेळा भरपूर, फिकट लघवी झाली तर दूध पोटात जातंय.

गुटी बंद करायला मी आज्जींना हात जोडून सांगते. या वयात सकाळची गुटी, दुपारचं ग्राइप वॉटर, मधाचं बोट, गरम पाण्याचे दोन चमचे, यांनी एका पाजण्याची जागा भरते. ४५ मिलिलिटरच्या पोटात १५ मिलिलिटर बिनकामाचं गेलं तर तिसरा हिस्सा गेला. जायफळ-वेखंडाने बाळ गुंगतं, म्हणजे आधीच झोपाळू असलेलं बाळ आणखी झोपतं. सहाण आणि पाणी कितीही स्वच्छ वाटलं तरी त्यातून जुलाब होऊ शकतात, आणि अडीच किलोच्या बाळाला जुलाब झेपत नाहीत. मध तर वर्षाच्या आत कुणालाच नको, त्यातल्या जंतूंमुळे बाळाला लकव्यासारखा आजार होऊ शकतो. सहा महिने आईच्या दुधाशिवाय फक्त डॉक्टरांनी लिहिलेले थेंब. आज्जींना काही करायचंच असेल तर छातीवर बाळ घेऊन बसणं हे सगळ्यात मोठं काम त्यांच्यासाठी आहे, आणि त्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही.

थेंबांबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, म्हणून विचारते. घरी सोडताना तीन गोष्टी लिहून दिलेल्या असतात: ड जीवनसत्त्व, लोह आणि एवढ्या लहान बाळांना कॅल्शियम-फॉस्फरस. ड जीवनसत्त्व रोज ४०० युनिट किंवा डॉक्टरांनी लिहिलेली मात्रा. लोह साधारण दोन आठवड्यांनंतर सुरू होतं, किलोमागे रोज २ ते ४ मिलिग्रॅम. बाटलीगणिक लोहाचं प्रमाण वेगळं असतं, तेव्हा किती थेंब हे बाटली दाखवूनच ठरवा, आणि वजन वाढेल तशी मात्रा वाढवून घ्या. जन्माच्या वेळची मात्रा दोन महिन्यांनंतरही तीच देणारी घरं पुष्कळ आहेत. शी काळी होते म्हणून लोह बंद केलं असेल तर पुन्हा सुरू करा, काळी होणारच. लवकर झालेल्या बाळांचं हिमोग्लोबिन एक ते तीन महिन्यांत खाली उतरतं. ते फार उतरलं की बाळ पिताना दमतं आणि वजन थांबतं. तुमच्या मुलीचं नेमकं तेच वय आहे, म्हणून एक रक्ततपासणी करून घ्याच.

तुमचं जेवण. बाळंतिणीला पालेभाजी नको, पाणी कमी, दुपारी फक्त भात आणि तूप-मेतकूट, असं अजून चालतं. दूध येतं ते बाळाच्या ओढण्याने आणि स्तन रिकामे होण्याने. डिंकाचे, अळिवाचे लाडू चांगले आहेत, पण त्यांच्या बरोबरीने डाळ, उसळ, भाकरी, भाजी, अंडी किंवा मासे खात असाल तर तेही हवं, आणि तहान लागेल तितकं पाणी. रात्रीचं पाजणं किंवा काढणं सोडू नका, दूध वाढवणारं संप्रेरक रात्री जास्त असतं. मिश्री लावत असाल तर ती सोडा. निपाणीच्या तंबाखूच्या भागात बायकांच्या दातांना मिश्री लागते आणि कुणी ते व्यसन मानत नाही. त्यातलं निकोटीन दुधात उतरतं आणि दूध कमी करतं. इथे मी कुणाला दोष देत नाही. मुलीसाठी सांगते.

डब्याचं दूध कधी? वरचं सगळं दोन आठवडे नीट करूनही वाढ रोज २० ग्रॅमच्या आत राहिली, आणि आजार नाही हे तपासून झालं, तर लवकर झालेल्या बाळांसाठीचं पूरक दूध आपण बेतून देऊ. अंगावरचं बंद करून नाही. काही बाळांना ते खरंच लागतं, आणि तेव्हा त्यात कमीपणा नाही. पण ते डब्यावरच्या मापानेच बनवायचं. डबा महाग म्हणून पातळ केलेलं दूध पिऊन बाळाचं पोट भरतं आणि वजन तिथेच राहतं. जाड केलेलं तर किडनीला जड. गाईचं, म्हशीचं, शेळीचं दूध, पाणी घालून किंवा न घालता, वर्षाच्या आत पिण्यासाठी नको. एक गोष्ट आणखी: बाळ झपाट्याने लठ्ठ झालं म्हणजे चांगलं, असंही नाही. हळूहळू, रेषेला समांतर चढणारी वाढ हवी. बरीच बाळं सुधारित वयाच्या दोन वर्षांपर्यंत गाठतात, काहींना शाळेपर्यंत वेळ लागतो.

आता आजाराची बाजू. दूध नीट जात असूनही वजन वाढत नसेल तर मी लघवीची तपासणी करते, कारण ताप नसतानाही लघवीचा संसर्ग वजन अडवतो. थायरॉइड जन्माच्या वेळी ठीक असला तरी अशा बाळांत दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा तपासावा लागतो. तुमच्या कागदावर दुसरी तपासणी दिसते का बघा. रक्तातलं सोडियम आणि हाडांसाठी फॉस्फरसही. पिताना कपाळाला घाम येतो, धाप लागते, दोन घोट घेऊन थांबते, असं असेल तर हृदयाची तपासणी हवी. दवाखान्यात बराच काळ ऑक्सिजन लागला असेल तर फुप्फुसांसाठीही शक्ती जास्त जाते. आणि उलटही होतं: एका दिवसात अचानक १०० ग्रॅम वाढलं, डोळे सुजले, तर ती वाढ नाही, पाणी साठलंय.

वाट न बघता त्याच तासाला निघायचं ते केव्हा, तेही लिहून भिंतीवर लावा. दूध तोंडात धरत नाही, उठवून उठत नाही, श्वास मिनिटाला ६० पेक्षा जास्त किंवा छातीत खड्डे पडतात, श्वास मधेच थांबतो, ओठ निळे, अंग गार किंवा ताप, हिरवी उलटी, पोट फुगलंय, आठ तास लघवी नाही. १०८ ला फोन करा आणि वाटेत बाळ छातीवर धरा, गुंडाळून मांडीवर नको.

वजनाच्या घाईत दोन गोष्टी राहून जातात. पहिली, डोक्याचा घेर. दर भेटीत तो मोजायला सांगा. सुरुवातीच्या महिन्यांत आठवड्याला अर्धा ते एक सेंटीमीटर वाढतो. वजन थोडं मागे पण घेर नीट वाढतोय, तर मेंदूला पोषण मिळतंय, मला धीर येतो. घेर थांबला तर मी जास्त काळजीत पडते, आणि आठवड्याला सव्वा सेंटीमीटरच्या वर गेला तरी. दुसरी, डोळे. ३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोंखाली जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासायचा असतो. बाळ बघतं, हसतं, तरी आत आजार वाढत असतो, आणि वेळेत लेझर किंवा इंजेक्शन मिळालं नाही तर नजर जाते. तुमच्या कागदावर डोळ्यांची तपासणी आणि "आता पुढे गरज नाही" असा शेवटचा शेरा नसेल, तर वजनाचं सगळं बाजूला ठेवा आणि उद्याच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

सीमेवरच्या घरांची एक अडचण मला नेहमी दिसते. बाळ कर्नाटकात झालं, तायी कार्ड (तिकडचं आई-बाळाच्या तपासण्यांचं सरकारी कार्ड) कन्नडमध्ये, दवाखान्याचा कागद इंग्रजीत. दोन-तीन महिन्यांनी आई चंदगडला, गडहिंग्लजला सासरी जाते आणि तिकडे नवं कार्ड निघतं, ज्यात ३१ आठवडे, १,४२० ग्रॅम, डोळ्यांची तपासणी, काहीच उतरत नाही. तिकडच्या आशाताईंना ते फक्त एक बारीक बाळ दिसतं. तेव्हा एका वहीच्या पहिल्या पानावर मराठीत स्वतः लिहून ठेवा: जन्मतारीख, किती आठवडे, जन्मवजन, अपेक्षित प्रसूतीची तारीख, सोडतानाचं वजन, चालू असलेले थेंब, झालेल्या तपासण्या आणि लसी. लसी सुधारित वयाने नाहीत, जन्मतारखेनेच द्यायच्या. दीड महिन्याची लस "बाळ लहान आहे" म्हणून राहिली असेल तर या आठवड्यात घ्या. आणि शक्य असेल तर सासरी जाणं मुलगी ४ किलोंची होईपर्यंत पुढे ढकला. सासूबाईंना इकडे बोलवा, मी त्यांच्याशी बोलेन.

तर आज वजन पुन्हा करा, आजच रात्रीपासून उठवून पाजणं, छातीवर धरणं आणि बोंडल्याने दाट दूध सुरू करा. पुढच्या आठवड्यात त्याच काट्यावर किमान १५० ग्रॅम वाढ दिसली तर आहे तसंच चालू ठेवू. १०० च्या आत राहिली तर दुसऱ्या आठवड्याची वाट बघू नका, मुलीला घेऊन या. येताना दवाखान्याचे सगळे कागद, सोनोग्राफी, ते बोंडलं आणि थेंबांच्या बाटल्याही आणा. माझ्यासमोर एकदा पाजा, अर्धा तास बसून बघते.